इंग्लंडच्या खेड्यांतील दगडी कोठड्या : एका रात्रीच्या तुरुंगाचा इतिहास

#इतिहास #धागा

१/२५
इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्यांना एव्हर्टन क्लबची निळी ढाल परिचयाची असते. त्या ढालीवर टोकदार छपराचा एक बुटका बुरूज आहे. तो एखाद्या किल्ल्याचा असावा, असा बहुतेकांचा समज होतो. वस्तुतः तो एका खेड्याचा लॉकअप आहे. दारुडे, भुरटे चोर आणि उपद्रवी मंडळी यांना रात्रभर कोंडून ठेवण्यासाठी १७८७ मध्ये ही कोठडी बांधली गेली. १९३८ मध्ये थिओ केली यांनी क्लबचे बोधचिन्ह तयार करताना तिची निवड केली आणि एका गावकोठडीला जगभर ओळख मिळाली.

२/२५
एव्हर्टन त्या काळी लिव्हरपूलबाहेरच्या टेकडीवरचे स्वतंत्र खेडे होते; १८३५ मध्ये ते शहरात सामील झाले. लोक या कोठडीला ‘प्रिन्स रुपर्टचा बुरूज’ म्हणतात. इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४४ साली, राजाचा हा सेनानी लिव्हरपूल जिंकण्यासाठी एव्हर्टनच्या टेकडीवर उतरला होता. पण रुपर्टचा मृत्यू १६८२ चा आणि कोठडी १७८७ ची. मधली शंभराहून अधिक वर्षे लोकस्मृतीने सहज ओलांडली. त्या भिंतींआड रात्र काढणाऱ्या एकाही माणसाच्या नावाने मात्र ही वास्तू ओळखली जात नाही.

३/२५
अशा कोठड्या इंग्लंडच्या ग्रामीण भागात आजही शंभराहून अधिक ठिकाणी उभ्या आहेत. चर्चच्या आवाराशेजारी, पुलावर, बाजारचौकात, तळ्याकाठी त्या आढळतात. बहुतेकींचे बांधकाम अठराव्या शतकात किंवा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. पर्यटकांना त्या परीकथेतल्या घरांसारख्या गोजिरवाण्या वाटतात. त्या कोणी बांधल्या, कोणासाठी बांधल्या, शे-दीडशे वर्षांत निरुपयोगी का झाल्या आणि निरुपयोगी होऊनही टिकल्या कशा, या चार प्रश्नांचा मागोवा या धाग्यात घेतला आहे.

४/२५
आधी नावे पाहू. विल्टशायरमध्ये या कोठडीला ‘ब्लाइंड हाउस’, म्हणजे आंधळे घर म्हणत, कारण तिला खिडकी नसे किंवा असलीच तर वीतभर झरोका असे. एसेक्स, हर्टफर्डशायर आणि सरे या भागांत तिचे नाव ‘केज’, म्हणजे पिंजरा. अनेक ठिकाणी आकारावरून ‘राउंड हाउस’, म्हणजे गोलघर. कुठे ‘क्लिंक’ असेही म्हणत. हा शब्द लंडनच्या सदर्कमधील क्लिंक नावाच्या जुन्या तुरुंगावरून आला. यातले एकही नाव सरकारी कागदातून आलेले नाही. लोकांनी जे पाहिले, त्यावरून ती पडली.

५/२५
या कोठडीचा मुख्य वापरकर्ता होता पॅरिश कॉन्स्टेबल. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणारे गाव किंवा गावांचा गट. करवसुली, गरिबांना मदत, रस्तेदुरुस्ती ही कामे याच पातळीवर चालत. तिथला कॉन्स्टेबल गणवेशधारी पोलीस नव्हता. गावातल्याच शेतकऱ्यावर, दुकानदारावर किंवा कारागिरावर हे काम वर्षभरासाठी सोपवले जाई. त्याला पगार नसे. नकार दिल्यास दंड होऊ शके. ऐपत असलेला माणूस पैसे देऊन बदली माणूस नेमत असे.

६/२५
१२८५ च्या विंचेस्टर कायद्यापासून गावाच्या पहाऱ्याची जबाबदारी गावावरच होती. चोराच्या मागे आरडाओरड करत धावणे हेही गावकऱ्यांचे कायदेशीर कर्तव्य होते. अठराव्या शतकापर्यंत कॉन्स्टेबलच्या डोक्यावर आणखी कामे आली : वॉरंट बजावणे, कर गोळा करणे, लष्करभरतीसाठी याद्या करणे, बाहेरगावच्या निराधारांना त्यांच्या मूळ पॅरिशकडे पोहोचवणे. हे सारे आपली शेती किंवा दुकान सांभाळून. अटक केलेला माणूस शेजारी, ग्राहक किंवा नातलग असण्याचीच शक्यता अधिक.

७/२५
रात्री पकडलेल्या माणसाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न मग उभा राही. कॉन्स्टेबलच्या घरात बायकामुले झोपलेली. सराईतली खोली भाड्याची आणि पळून जायला सोपी. चर्चच्या मनोऱ्याचा तळमजला काही ठिकाणी वापरला जाई. काउंटीचा तुरुंग एखाद्या दिवसाच्या प्रवासाइतका दूर असे. आरोप ऐकून घेणारा ‘जस्टिस ऑफ द पीस’ हा दंडाधिकारी जवळपासचा जमीनदार किंवा पाद्री असे. तो आपल्या दिवाणखान्यात बसून प्रकरणे ऐकत असला, तरी मध्यरात्री त्याचे दार कोण ठोठावणार? गावकोठडी ही या अडचणीतून निघालेली वाट होती.

८/२५
कोठडीपूर्वी गावात खोडा होता. दोन फळ्यांच्या भोकांत पाय अडकवून माणसाला चौकात बसवण्याचे हे साधन मराठी वाचकाला नवे नाही. ‘कामात खोडा घालणे’ हा वाक्प्रचार त्याचीच आठवण आहे. १३५१ च्या मजुरांविषयीच्या कायद्याने इंग्लंडच्या गावोगावी खोडे बसवण्याचा आदेश दिला. प्लेगच्या महामारीनंतर जादा मजुरी मागणाऱ्या मजुरांना वठणीवर आणणे हा त्यामागचा उद्देश होता. १६०६ च्या कायद्याने दारूच्या नशेत सापडणाऱ्यास ५ शिलिंग दंड ठेवला. तो भरता आला नाही, तर ६ तास खोडा.

९/२५
खोडा आणि कोठडी यांत मोठा फरक होता. खोडा ही उघड्यावरची शिक्षा होती. गाव पाही, हसे, कधी चिखल फेके, तर कधी कोणी पाण्याचा घोट देई. कोठडीत माणूस दिसेनासा होई. गावाच्या मधोमध असूनही तो गावाच्या नजरेआड जाई. पुष्कळ गावांत दोन्ही साधने काही काळ शेजारी शेजारी नांदली. पण एकोणिसाव्या शतकात खोडा हळूहळू मागे पडला आणि बंद दाराआडची व्यवस्था उरली.

१०/२५
एक ठोस उदाहरण पाहू. सॉमरसेट काउंटीतील कॅसल कॅरी येथील गोलघर १७७९ मध्ये बांधले गेले. आतला व्यास सुमारे ७ फूट, उंची सुमारे १० फूट, वर दगडी घुमट, दारावर लोखंडी पट्ट्या. खर्च आला २३ पौंड. त्या काळी शेतमजुराच्या वर्षभराच्या कमाईहून ही रक्कम फारशी मोठी नव्हती. हा पैसा गावातील गरिबांसाठी ठेवलेल्या दानाच्या निधीतून उभा राहिला, असे तिथला स्थानिक इतिहास सांगतो. गरिबांच्या नावे ठेवलेल्या पैशातून गरिबांनाच कोंडण्याची जागा तयार झाली.

११/२५
घुमट हा केवळ शोभेचा भाग नव्हता. कौलारू किंवा गवती छपरातून कैदी वर चढून निसटू शके; बाहेरचे मित्र छप्पर उचकटून त्याला ओढून काढू शकत. लाकडी वासे असतील तर आगीचीही भीती. म्हणून गवंडी दगडाचे थर वर वर आत सरकवत छप्परही दगडाचेच बांधत. लाकूड केवळ दारापुरते, आणि त्या दारावरही खिळ्यांची दाट रांग. गोल किंवा अष्टकोनी भिंतीवर असे छप्पर चांगले पेलते. आज जो आकार देखणा वाटतो, तो पळून जाणाऱ्या माणसाचा विचार करून घडलेला आहे.

१२/२५
या वास्तू गावच्या गवंड्यांनी जवळच मिळणाऱ्या सामग्रीतून बांधल्या, त्यामुळे त्या आपापल्या जमिनीचा रंग घेऊन उभ्या आहेत. सॉमरसेट व विल्टशायरमध्ये चुनखडीचा दगड, लेस्टरशायर व डर्बीशायरच्या सीमेवर पुष्कळदा वीट, तर एसेक्समध्ये काही ठिकाणी लाकडी फळ्या. ऑक्सफर्डशायरमधील व्हीटली हे गाव दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. तिथली १८३४ ची कोठडी चक्क षट्कोनी पायाचा दगडी पिरॅमिड आहे आणि टोकावर दगडी गोळा बसवलेला आहे.

१३/२५
काही गावांनी नवी इमारत न बांधता जुनीच वापरली. विल्टशायरमधील ब्रॅडफर्ड ऑन एव्हन येथे नदीवरच्या पुलावर एक छोटी घुमटाकार खोली आहे. तिथे पूर्वी प्रार्थनागृह होते असे मानले जाते. पुढे तिची कोठडी झाली. तिच्या माथ्यावरच्या वातकुक्कुटाच्या जागी मासा आहे. त्यामुळे कोठडीत गेलेला माणूस ‘माशाखाली आणि पाण्यावर’ आहे, असे गावकरी गमतीने म्हणत. लिंकनशायरमधील डीपिंग सेंट जेम्स येथे तर पंधराव्या शतकातल्या क्रुसाच्या चौथऱ्यातच १८१९ मध्ये कोठडी केली गेली.

१४/२५
दारावरचे लेखही बोलके आहेत. डॉर्सेटमधील स्वानेज येथील १८०३ च्या कोठडीवरील शिळालेख सांगतो की, धर्म आणि सुव्यवस्था यांच्या हितचिंतकांनी दुष्टपणा व दुर्व्यसन यांना आळा घालण्यासाठी ही वास्तू उभारली. हर्टफर्डशायरमधील शेन्ली येथील घुमटाकार ‘पिंजऱ्या’च्या खिडक्यांवर नीट वागण्याचा, शुद्धीत आणि सावध राहण्याचा उपदेश कोरलेला आहे. हा उपदेश बाहेरच्या बाजूला आहे. आत कोंडलेल्याला तो दिसत नसे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र रोज दिसे. कोठडी रिकामी असतानाही तिचे काम चालूच राही.

१५/२५
काही गावांत कोठडीला लागूनच कोंडवाडा आहे. लेस्टरशायरमधील ब्रीडन ऑन द हिल येथे शंकूच्या आकाराच्या छपराची गोल कोठडी आणि भटक्या जनावरांचे दगडी आवार एकमेकांना चिकटून आहेत. यॉर्कशायरमधील हनमनबी येथेही हीच जोडी दिसते. जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले की कोंडवाड्यात. मालकाने दंड भरला की सुटका. महाराष्ट्रातील खेड्यांना ही पद्धत चांगली ठाऊक आहे. ब्रिटिश राजवटीत १८७१ च्या कायद्याने इथल्या कोंडवाड्यांनाही नियमांची चौकट मिळाली. इंग्लंडच्या या गावांत चुकार जनावर आणि चुकार माणूस यांच्या जागा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत्या.

१६/२५
आत जाणारे लोक कोण होते? सर्वांत मोठी संख्या नशेत गोंधळ घालणाऱ्यांची. जत्रा, बाजाराचा दिवस, सुगी संपल्याची मेजवानी अशा वेळी कोठडीची किल्ली खुंटीवरून खाली येई. १८३० च्या बिअर कायद्याने २ गिनी भरणाऱ्या करदात्याला आपल्या घरातच बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला आणि खेडोपाडी बिअरघरे निघाली. जमीनदार आणि पाद्री यांना या जागा संशयास्पद वाटत, कारण तिथे मजूर एकत्र बसत आणि मजुरी, भाकरीचा भाव, मालकाचे वागणे यांवर बोलत.

१७/२५
दुसरा वर्ग भटक्यांचा. नेपोलियनशी चाललेले युद्ध १८१५ मध्ये संपले आणि हजारो सैनिक व खलाशी नोकरीविना घरी परतले. धान्याचे भाव, बेकारी आणि सामाईक कुरणांना कुंपणे घालण्याचे कायदे यांनी खेड्यातला गरीब माणूस आधीच पिळून निघाला होता. १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याने भीक मागणे आणि निवाऱ्याविना उघड्यावर झोपणे हे गुन्हे ठरवले. रस्त्याकडेला झोपलेला माजी शिपाई कॉन्स्टेबलला सापडला, तर त्याला छप्पर मिळे. पण ते कोठडीचे.

१८/२५
तिसरा वर्ग चोरट्या शिकाऱ्यांचा, आणि इथे या व्यवस्थेचा खरा चेहरा दिसतो. १६७१ च्या शिकारकायद्यानुसार तितर, ससा यांसारख्या प्राण्यांची शिकार करण्याचा हक्क मुख्यतः वर्षाला १०० पौंड उत्पन्न देणारी जमीन असलेल्यांनाच होता. आपल्याच शेतात पीक खाणारा ससा मारणे हाही लहान शेतकऱ्यासाठी गुन्हा ठरे. १८१६ च्या कायद्याने रात्री शिकारीसाठी जाळे घेऊन फिरणाऱ्यालाही ७ वर्षांच्या देशांतरवासाची तरतूद केली. उपाशी मुलांसाठी पकडलेला ससा बापाला ऑस्ट्रेलियाच्या जहाजापर्यंत नेऊ शकत होता.

१९/२५
आता दुसरा आकडा पाहा. अठराव्या शतकात काउंटीचा जस्टिस ऑफ द पीस होण्यासाठी लागणारी अटही वर्षाला १०० पौंड उत्पन्नाच्या जमिनीचीच होती. म्हणजे शिकार करण्याचा हक्क आणि शिकारचोराचा निवाडा करण्याचा अधिकार एकाच वर्गाच्या हाती होता. सकाळी कोठडीतून काढलेल्या मजुराला ज्या दिवाणखान्यात उभे केले जाई, त्याच घराच्या मालकाचा ससा त्याने पकडलेला असण्याची शक्यता होती. शिकारीसाठीची जमिनीची ही अट १८३१ मध्ये रद्द झाली. गावातले सत्तेचे नाते मात्र त्या एका कायद्याने बदलले नाही.

२०/२५
आतली रात्र कशी असे? सात-आठ फुटांचे वर्तुळ, दगडी जमीन, फार तर एक दगडी बाक आणि गवताची पेंढी. चूल नाही, दिवा नाही, पहारेकरी नाही. कॉन्स्टेबल कुलूप लावून घरी जाई. आत कोणी आजारी पडले, तर हाक ऐकणारा शेजारी जागा असेल तरच उपयोग. गावोगावी एक गोष्ट मात्र हसत सांगितली जाते : मित्र झरोक्यातून मातीच्या चिलमीची लांब नळी आत सरकवत आणि तिच्यातून कैद्याला बिअर पाजत. गोष्ट रंगवलेली असेलही. पण कोंडणारे आणि कोंडले जाणारे एकाच गल्लीत राहत होते, हे तिच्यातून कळते.

२१/२५
कायद्याच्या भाषेत कोठडीतली ती रात्र शिक्षा नव्हती. निवाडा व्हायचा होता. तरीही अनेकांच्या बाबतीत तीच रात्र ही संपूर्ण शिक्षा ठरे. सकाळी नशा उतरली की दार उघडे आणि दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याची वेळच येत नसे. अटक आणि न्यायासन यांच्यामधल्या तासांवर मालकी कोणाची, हा प्रश्न त्या दगडी भिंतींत होता. भारतात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलीस कोठडीसाठी २४ तासांची मर्यादा घातली आणि पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्यास २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक केले. त्यातून प्रवासाचा वेळ वगळला आहे. गावापासून न्यायासन दूर असते, ही जुनी अडचण त्या शब्दांतही शिल्लक आहे.

२२/२५
शेजाऱ्याने शेजाऱ्याला पकडण्याची ही व्यवस्था १८३० मध्ये उघडी पडली. दक्षिण इंग्लंडच्या शेतमजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजींना आगी लावल्या, मालकांना धमकीची पत्रे पाठवली. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने हा उठाव ओळखला जातो. शेकडोंचा जमाव आला की बिनपगारी कॉन्स्टेबल आणि सात फुटांची कोठडी काय करणार? उठाव लष्कराच्या साहाय्याने मोडला गेला. १९ जणांना फाशी झाली आणि सुमारे ५०० जणांना ऑस्ट्रेलियाकडे पाठवले गेले. विल्टशायर हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता.

२३/२५
लंडनला रॉबर्ट पीलचे पगारी पोलीस १८२९ मध्येच मिळाले होते. १८३९ च्या कायद्याने काउंट्यांना असे दल उभारण्याची मुभा दिली आणि त्याच वर्षी विल्टशायरने आपले दल उभारले. अनेक काउंट्यांनी खर्चाच्या भीतीने टाळाटाळ केली. नागरिकांच्या स्वातंत्र्याला धोका आहे, असाही आक्षेप होता. १८४२ मध्ये जुन्या कॉन्स्टेबलांवर पगारी अधीक्षक नेमून आणि नव्या कोठड्या बांधून जुनी पद्धत सावरण्याचा प्रयत्न झाला. अखेर १८५६ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला पोलीस दल सक्तीचे केले. त्यानंतर कोठडी पोलीस ठाण्याच्या आत गेली. १८७२ मध्ये पॅरिश कॉन्स्टेबल नेमण्याची सामान्य सक्तीही संपली.

२४/२५
काही कोठड्या मात्र सवयीने चालू राहिल्या. सरे काउंटीतील लिंगफील्ड येथे तळ्याकाठी १७७३ चा ‘पिंजरा’ आहे. त्यात शेवटचा माणूस १८८२ मध्ये कोंडला गेला आणि तो शिकारचोर होता. मग अवजारे, कोळसा, आग विझवण्याचे सामान यांसाठी या खोल्या वापरल्या गेल्या. पाडण्याचा खर्च कोणी करावा, एवढी मोठी जागा त्या अडवत नव्हत्या आणि दगडी घुमट सहजी पडतही नव्हते. अनेक कोठड्या मुळात या दुर्लक्षामुळे वाचल्या. १९४७ च्या नगरनियोजन कायद्याने ऐतिहासिक इमारतींच्या संरक्षित याद्या सुरू झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच ‘श्रेणी दोन’मध्ये नोंदल्या गेल्या, सॉमरसेटमधील पेन्सफर्डच्या घुमटाकार कोठडीला संरक्षित प्राचीन स्मारकाचाही दर्जा आहे.

२५/२५
आज या कोठड्यांसमोर फुलझाडे आहेत, माहितीचे फलक आहेत आणि छायाचित्र काढणारी कुटुंबे आहेत. फलकावर बांधकामाचे वर्ष असते, कधी खर्चही असतो, कारण गवंड्याला दिलेले पैसे हिशेबाच्या वहीत लिहिले जात. एका रात्रीपुरते आत गेलेल्या आणि सकाळी सोडून दिलेल्या माणसाची नोंद करण्याचे कोणावर बंधन नव्हते. म्हणून कॅसल कॅरीच्या २३ पौंडांचा हिशेब लागतो, लिंगफील्डच्या शेवटच्या कैद्याचा गुन्हा कळतो. पण बाकीच्यांसाठी दुसरीच साक्ष पाहावी लागते. डीपिंग सेंट जेम्सच्या त्या जुन्या क्रुसाच्या चौथऱ्यात दाराच्या जाळीतून डोकावले की तीन दगडी आसने दिसतात, आणि त्यांच्याशी साखळ्या.

(समाप्त)